उकड मऊ कर

"वैनी, ही खिडकी बंद नका करू," महिपत सुतार म्हणाला होता. "दोन घरांच्या मधली खिडकी हाय. उपयोगाची असते."

"कुणाच्या? मांजराच्या?" निशिगंधा म्हणाली. "ठोका तुम्ही जाळी."

"तुमची मर्जी," म्हणत त्यानं तोंडातला खिळा काढला आणि चारही बाजूंनी जाळी ठोकून टाकली.

तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सगळं सुरू झालं होतं दीड महिन्यापूर्वी. ऋत्विक पाच वर्षांचा झाला तरी वजन चौदा किलोच. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "सकाळी काय देता याला?"

"चहा-बिस्किट," ती म्हणाली, आणि बी.एस्सी. झालेल्या बाईला स्वतःच्याच उत्तराची लाज वाटली. नवरा मुंबईला. दर रविवारी फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगा धरतोय का अंग?"

त्याच दिवशी तिनं दोन हजार एकच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवडा मांडला. सोमवारी नाचणीची आंबील, मंगळवारी घावणे, बुधवारी मोड आलेल्या मुगांची उसळ, गुरुवारी ताकातली उकड, शुक्रवारी थालीपीठ. शनिवारी पेज आणि अंडं. पान ओट्यावर चिकटवलं.

त्याच आठवड्यात शेजारची रुबिना बाळंतपणाला पालीला माहेरी निघाली. तिचा नवरा नझीर कुवेतला. रिक्षात बॅग ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, अम्मीची काळजी नको. नणंद येते उद्या-परवा. पूर्णगडला घेऊन जाईल तिला."

दारात उभ्या तिच्या सासूनं, रहिमादादींनी, बोळकं पसरून हात हलवला. दोन-तीन दिवसांत ते घर शांत झालं. दादी लेकीकडे गेल्या, असं निशिगंधानं धरलं. दोन घरांमधल्या बोळाच्या बाजूची एक खिडकी तेवढी अर्धवट उघडी राहिली. गडबडीत लावायची राहिली असेल.

आठ वाजता नळाला पाणी यायचं. निशिगंधा पुढच्या अंगणात हंडे भरायची, ऋत्विक मागच्या खोलीत बोळाकडच्या खिडकीपाशी बसून खायचा. ती परत येईपर्यंत ताटली चाटून पुसून स्वच्छ.

आणि मागण्या! "आई, उद्या उकड मऊ कर हां. मागच्या वेळी गोळे होते."

"बरं, साहेब."

"तिखट नको. आणि आंबिलीत सुंठ घाल थोडी. पोटाला बरी."

ती हसत सुटली. एवढ्याशा पोराला सुंठीचं कळतं! रविवारी नवऱ्याला तिनं हे दोनदा सांगितलं. थालीपीठाच्या दिवशी मात्र तोंड वाकडं. "हे नको. चावत नाही."

"दात काय पडलेत तुझे?"

तो ताटली घेऊन खिडकीकडे वळला.

महिन्यानं वजन केलं. दोनशे ग्रॅम कमी.

त्यानंतर तिला चैन पडेना. जंताचं औषध झालं, रक्त तपासून झालं. पाणी भरताना ती तीनतीनदा आत डोकावू लागली. शेवटी एका सकाळी तिला खिडकीच्या चौकटीवर आंबिलीचा ओघळ दिसला, बाहेरच्या बाजूनं. ती खाली वाकून बघून आली. बोळात एक शीतसुद्धा नव्हतं. सगळं मांजरानं साफ केलं असणार.

"टाकतोस? मी पहाटे उठून करते आणि तू बाहेर टाकतोस?"

"टाकत नाही."

"मग कुठं जातं?"

त्याचे ओठ हलले. "आई, ते..."

"एक शब्द नको. खोटं बोललास तर बघ!"

दुपारी महिपत आला, खिडकीला जाळी ठोकून गेला. दुसऱ्या दिवसापासून ऋत्विकचा पाट स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांसमोर. पाणी भरायला ती उशिरा जाऊ लागली. दोन दिवस तो रडत रडत जेवला. मग मुकाट्यानं खाऊ लागला. मऊ नको, सुंठ नको, काही मागणं नाही. थालीपीठ तर कुरकुरीतसुद्धा चावून खाल्लं.

एकच गोष्ट तिला खटकायची. सकाळी शेजारच्या रिकाम्या घरात फोन वाजायचा. वाजून वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. कुवेतहून नझीर असेल. दादी पूर्णगडला आहेत हे त्याला कुणी कळवलं नाही वाटतं. रुबिनाला निरोप द्यायला हवा, असं ती रोज मनात म्हणायची आणि पोळ्यांकडे वळायची.

अकराव्या दिवशी डॉक्टरांच्या काट्यावर चौदा किलो चारशे भरले. सहाशे ग्रॅमनं वाढ! तिला तिथंच रडू आलं. खिडकीनं केलेला घोटाळा जाळीनं निस्तरला, असं तिला वाटलं. ऋत्विकचं बोट धरून ती मच्छी मार्केटच्या वळणावर आली, तर मागून हाक आली.

"अगो निशीताई!"

रहिमादादींची लेक, पूर्णगडची महरीन. हातातली सुरमयांची पिशवी खाली ठेवून तिनं निशिगंधाचे दोन्ही हात धरले.

"तुझे उपकार कसे फेडू गो? मी अम्मीला न्यायला निघणारच होते. तर फोनवर म्हणाली, येऊ नको, आणि रुबीलाही सांगू नको, ती बाळंतपण सोडून धावत येईल. निशिगंधा पोराच्या हातून रोज गरम नाश्ता पाठवते, म्हणाली. रोज वेगळा! चूल पेटवावीच लागत नाही. उकड तर काय मऊ करते, म्हणे."

निशिगंधानं ऋत्विककडे बघितलं.

"आता आठ-दहा दिवस फोन नुसता वाजतो," महरीन हसली. "कान गेलेत तिचे. पण तू आहेस म्हटल्यावर मला कसला घोर?"

ऋत्विक चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "मी दादीला सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला, "आईनंच दिलंय म्हणून."

तुमच्या शेजारी कुठं फोन नुसता वाजत असेल, तर हे वाचणं इथंच ठेवा. आधी जाऊन त्यांचं दार वाजवा.