वाढणारी इमारत

इमारत आणखी तीन मिलिमीटर वर गेली होती.

तिने मोजणीच्या दुर्बिणीवरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. समोर मापनपट्टी धरून उभे असलेले मुकादमकाका कंटाळले होते.

"बाई, टक लावून पाहिलं म्हणून आकडा लाजणार आहे का? ठेवू का खाली?"

"ठेवा, काका."

वहीत तिने लिहिलं : तीन आठवड्यांत बावीस. रुग्णालयाची नवी इमारत, म्हणजे सध्या नुसते खांब आणि एक स्लॅब, हळूहळू वर सरकत होती. बांधकाम थोडंफार खाली बसतं, हे ती कॉलेजात शिकली होती. खडकात रोवलेलं बांधकाम वर येतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

साहेबांचं ऑफिस शेजारच्या जुन्या रुग्णालयात, तळमजल्यावरच्या एका खोलीत थाटलेलं होतं. दार उघडेना. तिने खांदा लावला तेव्हा कुठे ते करकरत आत गेलं.

"सुताराला दोनदा रंधा मारायला लावला," साहेब म्हणाले. "लाकूड फुगलंय. बोला, आज किती वाढलं आपलं बाळ?"

"तीन."

समोर बसलेला ठेकेदार हसला. "खत कमी करतो, मॅडम. पण उद्या दुसरा स्लॅब आहे. तो अडवू नका म्हणजे झालं."

"दुर्बीण बदलून पाहिली?" साहेबांनी विचारलं.

"दोनदा, सर. दुसऱ्या साइटवरची आणून पाहिली. तोच आकडा."

"मग आता मोजणारी बदलून पाहू," साहेब म्हणाले. ठेकेदार पुन्हा हसला. साहेब हसले नाहीत.

तिला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. महिनाअखेरपर्यंत त्यावर शेरा मारायचा होता. तिने घसा साफ केला.

"सर, आपल्याकडे ऑन-कॉल सल्लागार आहेत. विचारूया ना."

खात्याने वर्षाच्या सुरुवातीलाच चार सल्लागारांशी करार करून ठेवले होते. काही अडलं की फोन करायचा. निविदा नाही, वाट पाहणं नाही. ज्याची पाळी असेल त्याने त्याच दिवशी उत्तर द्यायचं. आठ महिन्यांत एकही फोन गेला नव्हता. फोन केला की काहीतरी अडलंय हे कागदावर येतं, आणि या ऑफिसात काही अडतच नसे.

साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग मागणीपत्रावर सही केली.

"करा फोन. पण चूक तुमची निघाली, तर तीही याच कागदावर येईल."

सल्लागारांच्या ऑफिसने निरोप लिहून घेतला. तासाभरात सल्लागार स्वतः फोन करतील, असं सांगितलं. तो तास कुठे काढायचा, हा प्रश्न नव्हता. त्याच जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात तिची ताई होती. परवाच मुलगा झाला होता.

"ये, ये, इंजिनिअर मावशी," ताई म्हणाली. "आधी तो तुमचा पंप बंद कर बाई. रात्रंदिवस घरघर. याच्या बापाचं घोरणं परवडलं."

"टाकीच्या खड्ड्यात पाणी लागलंय, ताई. उपसलं नाही तर काम कसं होणार?"

खिडकीखालीच तो खड्डा होता, दोन इमारतींच्या मधोमध. तिने वाकून भाच्याकडे पाहिलं. चाकांचा पाळणा खिडकीकडच्या भिंतीला जाऊन टेकला होता. तिने तो ओढून ताईच्या खाटेजवळ आणला. हात सोडला, तर तो पुन्हा हळूच निघाला.

"असाच पळतो मेला," ताई हसली. "सारखा तुझ्या साइटकडे. तुझ्यावर गेलाय."

तिने चाकाला पाय लावला. तेवढ्यात फोन वाजला.

सल्लागारांचा आवाज म्हातारा, पण खणखणीत होता. त्यांनी दुर्बिणीचं विचारलं. जिथून मोजायला सुरुवात करता, परत त्याच जागी येऊन शेवट करता का, ते विचारलं. ती करत होती, आणि दर वेळी हिशेब जुळत होता.

"सगळे खांब सारखेच वर येतात? की एखादा कमी, एखादा जास्त?"

"सारखेच, सर. म्हणून तर डोकं चालत नाही."

"पंप कधीपासून चालू आहे?"

"तीन आठवडे."

"हं. आणि उंची मोजता कुठून? सुरुवातीची खूण कुठे आहे?"

"जुन्या रुग्णालयाच्या पायरीत पितळी खुंटी बसवलीय. तिथून. चाळीस वर्षांची इमारत आहे, ती काय हलणार, म्हणून साहेबांनीच ती जागा ठरवली."

पलीकडे कागदावर पेन खरडल्याचा आवाज आला.

"सर? माझी कुठे चूक होतेय का?"

"नाही. तुमचा आकडान् आकडा बरोबर आहे."

तिने डोळे मिटले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. ताईने खुणेनेच काय झालं म्हणून विचारलं, आणि तिने हसून मान हलवली.

"आता नीट ऐका आणि घाबरू नका," सल्लागार म्हणाले. "ती पायरी ज्या इमारतीची आहे, तिच्यात या क्षणी किती माणसं आहेत?"