मांजराची नोंद

"एका मांजरासाठी एवढा भारी बोर्ड कशाला, अज्जा?" आरुषी म्हणाली. "ह्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे. तुमचं मांजर काय फोन करणार आहे?"

टेबलावर तीन छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड मांडलेले होते. धारवाडातल्याच सप्तापूरच्या दुकानदाराकडून तिनं ते नुसते बघायला म्हणून मागून आणले होते. आरुषी बाळाचार्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची, आजोबा म्हणावं तसं त्यांना अज्जा म्हणायची. नववीत, कन्नड शाळेत. बाळाचार्यांशी मात्र मराठीत भांडायची.

"मग कुठला घ्यायचा ते तू सांग," बाळाचार्य म्हणाले. "पण कारणासकट."

इतकी वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. एरवी अशा वेळी ते खुर्ची ओढून पोरांच्या शेजारी बसायचे. आज उभेच होते. नजर सारखी मागच्या दाराकडे जात होती.

"हा नॅनो," सगळ्यात छोट्या बोर्डावर बोट ठेवून आरुषी म्हणाली. "सगळ्यात स्वस्त. वीज गेली तरी हजारेक अक्षरं लक्षात ठेवतो. वेगळं कार्ड नको."

"आणि वेळ?"

"त्याला घड्याळ वेगळं जोडावं लागतं. मांजर कधी आलं ते पण पाहिजे?"

बाळाचार्यांनी मान हलवली. "नको. आलं का, एवढंच."

"मग स्क्रीन पण ही साधीच बास. बटण दाबलं की एकेक नोंद दाखवेल. फक्त हिला इंग्रजी अक्षरंच येतात."

"येऊ देत. मांजराला तरी कुठं मराठी येतंय?"

मांजर नव्हतंच. होता तो गुरुप्रसाद.

कॉलेजातली नोकरी सोडून मुलानं गोकुळ रोडवर वर्कशॉप टाकलं, तेव्हा बाळाचार्य नको ते बोलले. गुरुप्रसाद त्याच दिवशी घर सोडून गेला. मागच्या दाराची एक किल्ली तेवढी त्याच्या खिशात राहिली.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही दुपारी, बाळाचार्य वाचनालयात मुलांना शिकवायला गेलेले असताना. हल्ली ते परत येऊन बघतात तर स्वयंपाकघरातलं पिंप भरलेलं असायचं. नळ घट्ट फिरवलेला, वर झाकण.

"बाबा, तुम्हीच भरता आणि विसरता," मेधा पुण्याहून फोनवर म्हणाली होती. "मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता, आठवतंय? ते काही नाही. दसऱ्यानंतर मी तुम्हाला न्यायला गाडी घेऊन येते. घर भाड्यानं देऊ."

"गुरू येत असेल."

"तो माझा फोन घेत नाही. तुमचं पिंप भरायला येईल?"

म्हणून हा बोर्ड. मागचं दार उघडलं असेल, तर मुलगा येतो. उघडलंच नसेल, तर आपलं डोकं कामातून गेलं.

"दार उघडलेलं बोर्डाला कळायला हे लोहचुंबक कुठं लावू?" आरुषीनं विचारलं.

"दाराच्या वरच्या कडेला."

तिनं वर बघितलं, मग बाळाचार्यांकडे. "मांजर बरंच उंच आहे म्हणायचं."

"लाव गं, सांगितलं तिथं."

"आणि लिहायचं काय?"

"उघडलं तर उघडं. नाही तर बंद."

"इतकी अक्षरं? जागा जपून वापरा म्हणून तुम्हीच शिकवता की."

"मग कर तुझ्या मनानं." त्यांचं लक्ष नव्हतं. फोन वाजत होता. मेधाचाच असणार.

आरुषीनं दार उघडून-मिटून बघितलं, चाचणीची नोंद पुसली आणि दसऱ्याच्या सुट्टीला बेळगावला मावशीकडे निघून गेली.

बाळाचार्यांनी त्या दाराला हात लावला नाही. स्क्रीनचं बटणही दाबलं नाही. अर्धवट प्रयोगात डोकावायचं नाही, असं ते मुलांना सांगत आले होते. पण रात्री झोप लागेना, वाचनालयात शिकवताना वाक्य मध्येच तुटायचं. पाणी येऊन गेलं. पिंप भरलेलं होतं. पुन्हा आलं. पुन्हा भरलेलं.

मेधा यायच्या आदल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

पाच इंग्रजी अक्षरं उमटली. बी, ए, एन, डी, ए. बंद. शेवटचा ए जास्तीचा, पण इथल्या पाट्यांवर तो असतोच.

पुन्हा दाबलं. बंद.

तिसऱ्यांदा बोट पुढं गेलं नाही. ते पिंपाजवळ जाऊन उभे राहिले. झाकण उचललं. आपल्याच हातांनी भरलेलं हे पाणी, आणि आपल्याला काही आठवत नाही.

"ये तू," त्यांनी मेधाला सांगितलं. "भाडेकरू पण बघ."

संध्याकाळी आरुषी धावत आत आली. खाटेवर उघडी बॅग, तिच्यात घडी केलेली धोतरं.

"कुठं निघालात?"

"पुण्याला. तुझं यंत्र चांगलं चाललं हो. दार बंदच होतं."

"मग नोंद कशी होईल?" तिनं दाराजवळ जाऊन बटण दाबलं. "सारखं दाराकडे बघत बसलं तर बॅटरी पुरत नव्हती. म्हणून मी त्याला झोपवलं. दार उघडलं तरच ते उठतं, एक शब्द लिहितं, परत झोपतं. मिटलेल्या दाराबद्दल ते काहीच लिहीत नाही."

"पण बंद असं लिहिलंय!"

"ते मराठी नाही हो, अज्जा. कन्नड. बंद म्हणजे आला!"

बाळाचार्य खाटेच्या कडेवर बसले. जन्म धारवाडात गेला होता, कन्नड अंगवळणी पडलेलं. चूक दिसली की दुरुस्त करायची सवय, ती अशा वेळीही सुटली नाही.

"मांजर आलं तर बंतु म्हणतात, आरुषी," ते हळूच म्हणाले. "बंद म्हणायचं ते बाप्या माणसाला."

"माहीत आहे, अज्जा," आरुषी म्हणाली. "म्हणूनच तर तसं लिहिलं."