नितळ

अपडेटची पट्टी शंभरावर पोचली आणि पडदा क्षणभर काळा झाला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले सगळेच संगणक एका दमात बाहेर फेकले गेले. आता साहेबांपासून कारकुनापर्यंत प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देऊन नव्याने आत यायचं होतं. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमलाच भोक होतं. नुसतं नाव ठाऊक असलं तरी पासवर्डवाचून दार उघडत होतं. ते भोक बुजवणारा पॅच आत्ता कुठे बसला होता.

"लागलं का कुलूप, कुलूपताई?" साहेबांनी दारातून विचारलं. पासवर्डांचं काम तिच्याकडे, म्हणून अख्खी कचेरी तिला याच नावाने हाक मारायची.

"लागलं. पण या भोकाबद्दल प्रोग्रॅमच्या कंपनीचं पत्र येऊन पाच दिवस झाले, साहेब."

"दहा मिनिटं सगळ्या स्क्रीन बंद ठेवायच्या, तर वरची परवानगी नको? आली की आज. तुमचं म्हणजे घाईच फार."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. घरून लेक होती. "आई, परत उलटी झाली." सकाळपासूनची तिसरी.

"काहीतरी अबरचबर खाल्लं असशील. हे बघ, घोट घोट पाणी पीत राहा. उशाशी बाटली भरून ठेवलीय ना, ती संपव. मी लवकर निघते."

"बरं."

फोन ठेवून तिने नोंदी उघडल्या. दार लावून झालं की आधी कोण येऊन गेलं ते बघायचं, ही सवय तिच्या आधी हे काम बघणाऱ्या बाईंनी लावलेली. नावांवरून खाली खाली येता येता तिचं बोट थांबलं. यादीत बाईंचंच नाव होतं.

बाईंनीच तिला या खुर्चीत बसवलं होतं. त्यांना वारून तीन वर्षं झाली. दर महिन्याला जुनी नावं पुसताना ती या नावापाशी यायची आणि तशीच पुढे जायची. हात व्हायचा नाही. यादीत नाव असलं म्हणजे चष्मा कपाळावर चढवून बाई अजून शेजारच्या टेबलाशी बसल्यात, असं वाटायचं. तेवढ्यासाठी कुणाचं काय बिघडणार होतं?

पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी पहाटे, बाई आत आल्या होत्या. शुक्रवारी आल्या, शनिवारी, रविवारी आल्या. आज पाच चाळीसला आल्या होत्या. दर वेळी बारा मिनिटं, आणि दर वेळी एकाच पानावर. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, ते त्या पानावर ठरत होतं.

तिने शुद्धीकरणाच्या काकांना बोलावून घेतलं. काका पंचवीस वर्षं टाक्या सांभाळत होते.

"काका, क्लोरीन किती आहे?"

"नेहमीइतकंच. आठवडाभर आकडा जागचा हललेला नाही."

"आकडा स्क्रीनवरचा ना?"

"मग आणखी कुठला?"

"काका, स्क्रीनवर काय दिसावं, तेही त्याच पानावरून ठरतं." टेबलावरचा पाण्याचा जग तिने बाजूला सारला. "नळी कधी बघितलीत?"

बाईंच्या वेळी दर दोन तासांनी नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, गाव निर्धास्त. नाही झालं, तर धावायचं. तो तक्ता अजून भिंतीवर होता, बाईंच्या वळणदार अक्षरात.

काकांनी मान खाली घातली. "रजिस्टर भरलेलं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "स्क्रीनवरून उतरवून."

ते गेले आणि नळी घेऊन आले, सोबत औषधाची बाटली. बाटलीचं सील अजून फोडायचं होतं. तिनेच ते फोडलं.

खोलीतला नळ तिने थोडा वेळ वाहू दिला, नळी भरली आणि थेंब टाकले. एक, दोन, तीन. दोघं खिडकीशी गेली. एवढ्या वर्षांत पिवळ्या रंगाची अशी वाट तिने कधी पाहिली नव्हती. जरासा तरी, नखाएवढा तरी. काकांनी नळी हलवली. तिने आणखी पाच थेंब टाकले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी पायरी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

साहेब आत आले. ते वरून बदली होऊन आलेले, नळी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. दोघांच्या मधून मान घालून त्यांनी उजेडात बघितलं.

"नितळ आहे की. अगदी काचेसारखं." त्यांना हायसं वाटलं. "उगाच जीव घाबरा करता तुम्ही लोक." टेबलावरच्या जगातलं पाणी त्यांनी ग्लासात ओतलं.

काकांनी तो ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला.

तिचा फोन केव्हाच कानाला लागला होता. पलीकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. मग उचलला.

"आई," तिला तोंड उघडू न देताच लेक म्हणाली, शाबासकी मिळणार अशा सुरात. "संपवली बघ. अख्खी बाटली."