देव सरकतो त्या बाजूला

"नजर हलवू नको, अक्का. मेंढरं संपेस्तोवर देवाकडंच बघायचं," दगडोबा म्हणाला आणि थोरल्या बहिणीला त्यानं घोंगडीवर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

समोर शेंदूर फासलेला दगड होता. मोठी गोष्ट ठरवायची असली की दगडोबाच्या घरात याच देवाला विचारत. देवापुढून सगळी मेंढरं हाकायची. शेवटचं मेंढरू गेलं की देव ज्या बाजूला सरकेल, तो त्याचा कौल.

आज प्रश्न दगडोबाच्या पोरीच्या, राधिकाच्या लग्नाचा होता. अक्काला, म्हणजे शालूबाईला, ती सून म्हणून हवी होती, मावळतीला, साखऱ्यात. तिचा पोरगा विश्वंभर जेवायला तेवढा उठे. राधिकाचा जीव जडला होता उगवतीला, कळमनुरीत एसटीडी बूथ चालवणाऱ्या शिवहारवर. पण भावाच्या पोरीवर आत्याचा हक्क पहिला, आणि शालूबाईपुढं तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

राधिका मात्र लहानपणापासून मेंढरांमागं हिंडलेली. मेंढरं एकीकडं गेली की देव उलट्या बाजूला सरकतो, हे तिनं कधीच हेरलं होतं. देवाचं सोडा, कळप जाताना टक लावून बसलं तर मागचं बोरीचं झाडसुद्धा सरकायचं. डोळ्यांचीच खोड ती, देव बिचारा जागचा हलत नव्हता.

रोज मेंढरं उगवतीकडं निघत. आज तिनं कळप आधीच देवाच्या पलीकडं, उगवतीच्या अंगाला नेऊन ठेवला होता. तिथून तो उलटा, मावळतीकडं हाकलला.

धूळ बसली. शालूबाईच ओरडली, "अगं बाई! देव कळमनुरीकडं सरकून राहिला!"

दगडोबानं कानाला हात लावले. "देवाम्होरं आपलं काय चालतंय, अक्का?"

शालूबाईनं देवाला हात जोडले, भावाकडं बघून नाक मुरडलं आणि न जेवताच ती साखऱ्याच्या वाटेला लागली.

राधिका हसू दाबत मेंढरं वळवायला निघाली, तोच बापानं हटकलं.

"आज मेंढरं उलटी काहून हाकली गं?"

संपलं, तिला वाटलं. बाप आत्याला माघारी बोलावणार, सगळं मुसळ केरात.

दगडोबानं मान उंच करून बहीण वळणाआड गेल्याची खात्री केली. मग हळूच म्हणाला, "उलटी हाक म्हणून मीच सांगणार व्हतो, तुला आधीच सुचलं. अक्काला न्हाई म्हणायची छाती माझी न्हाई, पोरी. म्हणून तर तिला तिच्याच डोळ्यांनी बघायला लावलं."