गंगव्वाची साक्ष

गंगव्वा आली तेव्हा दुसरं गीत चालू होतं. दारात चपला काढून ती थेट पुढं आली आणि पहिल्या रांगेत बाळकाकांच्या शेजारी बसली.

सुचेता गाता गाता थांबली. अपार्टमेंटमधल्या कुणालाच तिनं बोलावलं नव्हतं. जिने झाडणाऱ्या गंगव्वाला तर मुळीच नाही.

बंगळूरच्या के. आर. पुरममधल्या या लहानशा हॉलमध्ये महिन्यातून एकदा मराठी ख्रिस्ती उपासना व्हायची. आजची एस्तेरआजीच्या स्मरणार्थ होती. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली चाळीसेक माणसं जमली होती, आणि आजीचे धाकटे चिरंजीव बाळकाका खास नगरहून आले होते. सुचेता चार वर्षांची असताना तिचे आईवडील गेले. तिला वाढवलं ते आजीनं. दोन वर्षांपूर्वी आजी तिच्याकडे राहायला निघाली, तेव्हा काका एवढंच म्हणाले होते, "आईला एकटी ठेवू नकोस, बाई."

सुचेता रोज सकाळी नऊला फ्लॅटच्या बाहेरच्या ग्रिलच्या दाराला कुलूप लावून ऑफिसला जायची.

दुसरा इलाजच नव्हता. आजी एकदा यशवंतपूरच्या बाजारात हरवली होती. दोन तासांनी सापडली, ती एका अनोळखी भाजीवालीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करताना. एकीला कन्नड येत नव्हतं, दुसरीला मराठी, पण रडत होत्या दोघीही. डॉक्टर म्हणाले, विसरायला लागल्या आहेत, जपा. सुचेतानं कुलूप आणलं. पहिल्या दिवशी आजीनं ग्रिलच्या आतून ते नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "जा, उशीर होईल तुला."

त्यानंतर तिनं कधी कुरकुर केली नाही. मागायची ते ब्रेडचे पुडे, आणि शेवटच्या महिन्यात नव्या चपला. एवढा ब्रेड एकटी म्हातारी खाते कशी आणि घरात बसून चपला झिजतात कशा, याचा विचार सुचेतानं केला नाही. आणून दिलं, की मनाला तेवढंच बरं वाटायचं.

त्या मंगळवारी ती सहाला परतली. कुलूप जागच्या जागी होतं. ग्रिलच्या आत खुर्चीवर आजी बसलेली होती. हात लावला तर गार.

काकांना फोनवर ती म्हणाली, "मी घरूनच काम करत होते. माझ्या मांडीवर गेली." एकदा बोलून गेल्यावर तेच उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना सांगावं लागलं, मग सगळ्यांना. खरं काय ते फक्त गंगव्वाला ठाऊक होतं. सुचेता कुलूप काढत होती तेव्हा ती केरसुणी घेऊन जिन्यात उभी होती. तेव्हापासून पहिल्या मजल्यावर राहणारी सुचेता लिफ्टनं जात-येत होती.

"आता कुणाला आजींविषयी साक्ष द्यायची असेल तर त्यांनी उभं राहावं," पाळकसाहेब म्हणाले.

साक्षीला उभं राहिलेल्या माणसाला कुणी खाली बसवत नाही, असा रिवाज. एकेक जण उठू लागला. कुणी म्हणालं, आजी पहाटे पाचला नावं घेऊन प्रार्थना करायची. त्या नावांत घरमालक होता, दूधवाला होता, आणि पॉलिसी घ्या म्हणून छळणारा एक एजंटही होता. लोक हसले आणि डोळेही पुसले. बाळकाका म्हणाले, "आईपुढं खोटं टिकायचं नाही. म्हणायची, तुझं खोटं देव ऐकेल तेव्हा ऐकेल, आधी मी ऐकलंय."

सुचेता गीतपुस्तकाची पानं चाळत राहिली.

गंगव्वा उभी राहिली आणि कन्नडमध्ये बोलू लागली. पाळकसाहेबांनी हात वर केला. "थांबा अम्मा. सुचेता, इथं धड कन्नड येतं ते तुलाच. तू मराठीत सांग सगळ्यांना."

सुचेता उठली.

"ग्रिलला कुलूप असायचं," गंगव्वा कन्नडमध्ये म्हणाली. "रोज."

सगळे सुचेताकडे बघत होते. काकासुद्धा.

"ती म्हणते, आजीचं दार सगळ्यांना उघडं असायचं. रोज."

गंगव्वानं तिच्याकडे वळून पाहिलं. मग पुन्हा कन्नडमध्ये, "त्या दिवशीही कुलूप होतं. अज्जी आत एकटी होती."

"त्या दिवशी..." सुचेता काकांकडे वळली. "त्या दिवशी मी आजीजवळच होते, असं म्हणते."

काकांनी मान डोलावली. सुचेता घाईनं म्हणाली, "सरी, ठीक आहे, गंगव्वा. पुरे आता. बस."

गंगव्वा बसली नाही.

"मी असं न्हाई बोलले," ती म्हणाली. मराठीत.

सुचेतानं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

"मराठी येतं मला. स्वल्प. अज्जीनं शिकवलं, रस्त्यात चालताना."

"कुठल्या रस्त्यात?" काकांनी विचारलं.

"आस्पत्रीच्या. दुसरी किल्ली अज्जीकडं होती. ही अक्का कामावर गेली, की ती ग्रिलमधून मला द्यायची. मी उघडायची. ब्रेड घेऊन आम्ही सरकारी आस्पत्रीत जायचो, रोज. ती आजारी माणसांजवळ बसायची, प्रार्थना करायची. चार वाजता परत. मग मी कुलूप लावायची, किल्ली आत द्यायची. अक्काला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली होती."

"आणि त्या दिवशी?" बाळकाकांनी विचारलं.

"त्या दिवशी येताना वाटेत छातीत दुखलं. मी म्हटलं, मागं चल, डाक्टरकडं. ऐकलंच न्हाई. घरात जाऊन बसली आणि म्हणाली, लाव कुलूप." गंगव्वानं पदर तोंडाला लावला. "मी लावलं. मीच लावलं. ती म्हणाली, 'कुलूप दिसलं न्हाई तर पोरगी घाबरेल. फार भित्री आहे गं माझी पोरगी.'"