खळ्यातला गोल

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या आणि मुरारीच्या संघाला खळ्याकडच्या गोलावर चाल करायची आली.

बाभळीखाली बसलेल्या त्याच्या आईच्या, कुशाबाईच्या, ते लगेच ध्यानात आलं. पिंपरीच्या कारखान्यासाठी त्यांची जमीन गेली, तिच्यावरच कंपनीनं हे मैदान केलं होतं. बांध मोडले, विहीर बुजवली. पण गोलाच्या खांबांपुढची त्यांच्या खळ्याची जागा तिला अजून ओळखू यायची. तिथं गवत उगवत नव्हतं. शेणानं सारवून, बैलांची पात फिरवून टणक झालेली भुई. धान्याची जागा. तिथं कुणी पायताण घालून शिरत नसे. गावचा पाटीलसुद्धा वहाणा काठाला काढून यायचा.

आज मुरारीच्या पायात कंपनीनं दिलेले बूट होते.

शेजारी रंगराव उभे होते. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, गावातल्या पोरांना फुटबॉल त्यांनीच शिकवलेला. कुशाबाईनं विचारलं, "बूट काढून खेळलं तर चालत न्हाई का हो?"

"न्हाई चालत, वहिनी. आज जिंकंल ते कंपनीच्या नावानं मुंबईला जाणार, रोव्हर्स कपाला. त्यांच्याच नोकऱ्या पक्क्या व्हणार. तिथला नेम तो इथला नेम."

"आधी तर अनवाणीच खेळत व्हती की पोरं."

"आधीचं सोडा. हा कप गोऱ्या पलटणींचा. आपल्या माणसांनी लई वर्सं दोरीबाहेर उभं राहून बघितला. मग आपली पोरं अनवाणी पायानं आत शिरली, अन् बूटवाल्यांना भारी पडली. आता साहेब गेला, तर आपल्याच लोकांनी नेम काढला, बुटाशिवाय मैदानात यायचं न्हाई."

"मग जिंकलं कोण?"

रंगराव मैदानाकडं वळले. ते ओरडले, "मुरारी, पुढं सरक! लांब काय उभा राहिलास?"

मुरारी सरकला नाही. गोल एक-एक झाले होते. समोर कंपनीनंच खडकीहून आणलेले तयार खेळाडू, इकडे जमिनी गेलेल्या घरांतली रोजंदारीवरची पोरं. पहिला गोल मुरारीनंच मारला होता, पलीकडच्या टोकाला. आता तो चेंडू घेऊन यायचा आणि खळ्याच्या काठाशी आला की दुसऱ्याला देऊन टाकायचा.

"तुझा लेक नवरदेवावानी लाजतोय गं!" शेजारी बसलेली छबूबाई हसली. बायका हसल्या. कुशाबाई हसली नाही. लहानपणी एकदा पायातल्या वहाणेसकट तो खळ्यात धावला होता, तेव्हा तिनंच त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

खेळ संपत आला. मुरारीच्या संघातल्या सोनबानं कडेनं चेंडू मारला. गोलकीपर पुढं आला, चुकला आणि आडवा पडला. चेंडू घरंगळत गेला आणि गोलाच्या रेघेअलीकडं, खळ्याच्या मधोमध थांबला. जवळ फक्त मुरारी होता.

"मार!" सगळं मैदान ओरडलं.

मुरारी काठाला थबकला. खाली वाकला. हाफटाइमलाच त्यानं नाड्या सैल केल्या असाव्यात. एक बूट निघाला, दुसरा निघाला. ते त्यानं काठाला नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत जाऊन चेंडू गोलात ढकलला.

पोरांनी टोप्या उडवल्या. रंगरावांनी डोळे मिटले.

शिट्टी वाजली. खडकीहून बोलावलेले रेफरी चालत आले. "बूट का काढलेस?"

"साहेब, खळं हाय."

रेफरींनी खाली पाहिलं, मग मागं पाहिलं. "कुठाय?"

मुरारीनं बोट दाखवलं. रेफरींना चुन्याची रेघ दिसली, दोन खांब दिसले. त्यांनी मान हलवली आणि गोल रद्द केला.

मुरारी तिथंच बसून नाड्या बांधत होता, तेवढ्यात खडकीवाल्यांनी चेंडू उंच मारला. तो एका माणसानं कमी पडलेल्या पोरांच्या डोक्यावरून पार पलीकडं गेला. तिकडं गोल झाला, तेव्हा मुरारीच्या हातात दुसऱ्या बुटाची नाडी होती.

सामना संपला. कंपनीच्या साहेबांनी खडकीवाल्यांच्या गळ्यात हार घातले, फोटो काढले. ती पोरं ट्रकमध्ये चढली, आरडाओरडा करत गेली.

सोनबा मुरारीसमोर येऊन उभा राहिला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि जोंधळा पेरायला वाफासुद्धा उरला नव्हता.

"तुझं खळं राहिलं व्हय रं?" तो म्हणाला. "कुठं राहिलं दाव की. त्यात काय पिकणार हाय, तेबी दाव. आमच्या धाजणांची चूल इझवलीस, मर्दा."

"सोनबा, मला—"

"आमचं बी खळं व्हतं. तिथं आता साहेबाची मोटार उभी ऱ्हाती. आमी गप बसलो." तो खाली थुंकला आणि निघून गेला. बाकीची पोरं त्याच्यामागं गेली. रंगरावसुद्धा गेले.

मैदान रिकामं झालं. कुशाबाई उठली. लेकाजवळ जाऊन काहीतरी म्हणावं, असं तिला वाटत होतं. तूच बरोबर केलंस म्हणावं, की वेडा रे वेडा म्हणावं, हे तिचं ठरेना.

तोवर मुरारी उठला होता. त्यानं दोन्ही बुटांच्या नाड्या करकचून आवळल्या, चेंडू घेतला आणि सरळ खळ्यात शिरला. गोलात कुणी नव्हतं. त्यानं चेंडू मारला, आणला, पुन्हा मारला. प्रत्येक वेळी टाच आपटून. टणक भुईचा पापुद्रा सुटला. धूळ उडू लागली.

वारा कुशाबाईकडं वाहत होता. उपणताना भुसा अंगावर आला की धरतात, तसा तिनं पदर तोंडावर धरला आणि मैदानाकडं पाठ करून उभी राहिली.