आधी की नंतर

"एवढंच सांग बेटी," मौलवीसाहेब म्हणाले, "त्याने बंदूक खाली ठेवली, ती तू बोलायच्या आधी की नंतर?"

शिंपीण कापडाची घडी घालत राहिली. पुलापलीकडचा, शत्रूचा शिपाई तिच्या शिलाई मशीनला टेकून जमिनीवर बसला होता. धड मिसरूड फुटलेलं नाही, असं पोर. त्याचे हात तिच्या दिराने अस्तराच्या पट्टीने करकचून बांधले होते.

"यात विचारायचं काय?" दीर दारातूनच तडकला. "पुलापलीकडच्या ठाण्याशी माझं बोलणं झालंय. आपण हा द्यायचा, ते आपल्या पोराला देणार. अंधार पडायच्या आत. तुम्ही फक्त पांढरं फडकं घेऊन पुढे चला."

आपलं पोर म्हणजे शिंपिणीचा एकुलता एक मुलगा. पुलापलीकडे गोळी लागून पडला, तो अजून त्यांच्याच ठाण्यामागे पडून होता. त्याला माती द्यायची राहिली होती.

"चलतो की," मौलवी म्हणाले. "पण बंदूक आधी टाकली असेल, तर हा कैदी. कैद्याच्या बदल्यात आपली मय्यत मागता येते. तिने अभय दिलं आणि मग टाकली असेल, तर तो कैदी नाही. अमान मिळालेला माणूस आहे, हिच्या आसऱ्याला आलेला. त्याचा सौदा होत नाही. त्याला सुखरूप पोचवायचं, बदल्यात काही न मागता."

"या काय सेनापती लागून गेल्या?"

"सेनापतीच लागतो असं नाही. गरिबातल्या गरीब बाईने दिलेला शब्दही आपल्या सगळ्यांना बांधतो."

घ्या! एरवी शिंपिणीच्या शब्दाला घरात कुत्रं विचारत नसे, आणि आज सगळं गाव त्याला बांधलेलं.

झालं होतं ते असं. दुपारी ती मशीनवर बसली होती. सुईत दोरा नव्हता, तरी पाय चालूच होते. मागचं दार ढकलून एक काटकुळा, चिखलाने माखलेला पोरगा आत आला. तिचा मुलगा याच दाराने यायचा. तो गेला हे क्षणभर तिच्या डोक्यातूनच गेलं. "ये, आत ये. भिऊ नकोस, मी आहे ना," ती म्हणाली. मग पाणी द्यायला गेली, तेव्हा चेहरा दिसला. तेव्हाही ना किंकाळी फुटली, ना रडू आलं. पाणी मात्र तिने दिलं. थोड्या वेळाने दीर आला, त्याला ती काय बोलली तेवढं सांगून टाकलं, बंदुकीचं नाही.

"म्हणजे ते आपल्या पोराला म्हणाल्या त्या, याला नाही!" दीर म्हणाला. "चुकून तोंडातून गेलेला शब्द कसला धरताय?"

"ऐकला याने. त्यावर विसंबून बंदूक टाकली असेल, तर चुकून गेलेलाही पाळावा लागतो."

"याला आपली भाषा तरी येते का?"

"एवढं कळायला भाषा कशाला लागते?"

"आणि असा सोडला, तर ते पोराला देतील?"

"नाही देणार," मौलवी म्हणाले.

दीर तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, दोन अक्षरं आहेत. 'आधी' म्हणा. तुमच्या दोघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही. आणि यात कुणाचं वाईट होतंय, सांगा बरं? हा त्याच्या घरी, आपला आपल्या घरी."

मौलवींनी मान खाली घातली.

शिंपिणीला मुलगा हवा होता. मेलेला का होईना, हवा होता. त्याच्या तोंडावरची माती तिला आपल्या हाताने पुसायची होती. हवा आहे हे कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने बधिर केलेला गाल चाचपावा, तशी ती स्वतःला चाचपून पाहत होती. शिपाई तिच्या ओठांकडे टक लावून बसला होता.

"नंतर," ती म्हणाली.

"वहिनी!"

"मी म्हटलं, मग त्याने ठेवली. चिंध्यांच्या ढिगावर, अलगद."

"अहो, पण कशासाठी हे?"

"पोराला म्हटलं होतं मी. ते खोटं कसं करू?"

मौलवींनी वाकून पट्टीची गाठ सोडवायला घेतली. म्हाताऱ्या बोटांना ती सुटेना, तेव्हा शिंपिणीने कात्री दिली. शिपाई उठला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मौलवींच्या मागून बाहेर पडला. पांढरं फडकं गल्लीच्या टोकापर्यंत दिसलं, मग वळलं.

दीर भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याने विचारलं, "वहिनी, मी कबर खणून ठेवलीय. मघाशीच. तिचं काय करू आता?"

शिंपिणीने जमिनीवरचे पट्टीचे तुकडे गोळा केले.

"वरून फळ्या टाका, भावजी," ती म्हणाली. "अंधारात कुणाचं पोर पडायचं."